एक्स-रे, निळी पूड आणि भीतीचा हिशेब



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. एक तरुण जोडपं आणि सोबत सासूबाई अशी तिघं आत आली. सूनबाईंना पंधरा दिवसांपूर्वी ताप-खोकला होता म्हणून छातीचा एक्स-रे काढला होता. नंतर पाळी चुकली, तपासणी केली, दिवस गेले होते. लग्नानंतर पाच वर्षांनी आलेली आनंदाची बातमी, पण तिघांचेही चेहरे उतरलेले. सासूबाईंनी खुर्चीच्या कडेला बसून हळूच विचारलं, "डॉक्टर, एक्स-रेची किरणं गेलीत ना पोटात. आता हे ठेवायचं की नाही? सगळे म्हणतात, व्यंग असलेलं मूल होईल."

मी एक्स-रेची तारीख पाहिली, आकडेमोड करून दाखवली आणि सांगितलं, "आई, निर्धास्त राहा. या एका एक्स-रेसाठी गर्भ पाडण्याचं काहीही कारण नाही." त्यांना पटायला अर्धा तास लागला. ते बाळ आज शाळेत जातं, पण तो अर्धा तास माझ्या डोक्यातून गेला नाही. हे कुटुंब माझ्याकडे न येता थेट निर्णय घेऊन मोकळं झालं असतं तर?

किरणोत्सर्ग हा शब्द ऐकला की आपण दोन टोकं गाठतो. एक तर अतोनात घाबरतो, नाही तर "काही होत नाही हो" म्हणून झटकून टाकतो. बातम्यांमध्ये "डर्टी बॉम्ब" हा शब्द आला की व्हॉट्सॲपवर उपायांचा पूर येतो, आणि ज्या भंगारात खरा धोका असू शकतो ते मात्र आपण उघड्या हातांनी उचलतो. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. किरणोत्सर्गाने माणसाचं किती आणि कसं नुकसान होतं हे वैद्यकशास्त्र पुस्तकात बसून शिकलेलं नाही, माणसांना झालेल्या इजांमधून शिकलेलं आहे.

आधी दोन गोष्टी समजून घेऊ

पहिली गोष्ट. ऊन लागणं आणि रंगपंचमीचा रंग लागणं यात जो फरक आहे, तोच फरक इथे आहे.

एक्स-रे काढताना तुमच्यावर किरणं पडतात ती उन्हासारखी. मशीन बंद झालं की संपलं. एक्स-रे काढलेला माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही, त्याला हात लावल्याने दुसऱ्याला काही होत नाही. किरणोत्सारी पूड अंगावर सांडली तर गोष्ट वेगळी. ती रंगासारखी चिकटते. कपड्यांना, केसांना, नखांत राहते. तुम्ही ज्याला शिवाल त्याला लागते. न धुतलेल्या हाताने जेवलात तर पोटात जाते आणि तिथे बसून आतून किरणं सोडत राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजमाप. शरीराने किती किरणं शोषली हे "ग्रे" या एककात मोजतात आणि त्यातून होणाऱ्या धोक्याचा अंदाज "सीव्हर्ट"मध्ये. आपल्या रोजच्या व्यवहारात त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसीव्हर्ट वापरतात. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणारी किरणं मिळून पृथ्वीवरच्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेमधून ०.१ मिलिसीव्हर्टच्या आत, म्हणजे एक-दोन आठवड्यांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाएवढे किंवा त्याहून कमी. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण ८ ते १०, म्हणजे तीन-चार वर्षांएवढे.

थोड्या वेळात सगळ्या शरीराला साधारण १ ग्रे किंवा जास्त मात्रा मिळाली, तर उलट्या, रक्तातल्या पेशी घटणं असे आजार दिसू लागतात. उपचार न मिळाल्यास ३ ते ४ ग्रेला निम्मी माणसं दगावू शकतात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

शस्त्र म्हणून किरणं: जुनी कल्पना

किरणोत्सारी पदार्थ पसरवून शत्रूला मारायचं ही कल्पना अणुबॉम्बइतकीच जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, ओपनहायमर यांनी एन्रिको फर्मींना लिहिलेल्या पत्रात शत्रूच्या अन्नात किरणोत्सारी विष मिसळण्याच्या योजनेचा विचार आहे. पाच लाख माणसं मारण्याइतकं अन्न दूषित करता येणार नसेल तर या योजनेच्या मागे लागू नये, असं त्यांचं मत होतं. वाचताना आजही अंगावर काटा येतो. पुढे अमेरिकेने युटा राज्यातल्या डगवेच्या वाळवंटात १९४९ ते १९५२ या काळात किरणोत्सारी पदार्थ पसरवणाऱ्या बॉम्बच्या चाचण्या केल्या आणि नंतर तो नाद सोडला. इराकनेही १९८७ मध्ये असा प्रयोग करून पाहिला आणि सोडून दिला.

का सोडला? कारण हे शस्त्र माणसं मारायला फारसं उपयोगी नाही. अणुबॉम्बमध्ये अणू फुटतात आणि प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. "डर्टी बॉम्ब"मध्ये तसं काही होत नाही. साध्या स्फोटकाला किरणोत्सारी पदार्थ जोडलेला असतो आणि स्फोटाने तो फक्त विखुरला जातो. जितका विखुरतो तितका पातळ होतो. जवळची माणसं बहुधा स्फोटानेच जखमी होतात किंवा मरतात. दूरच्या बहुतेकांना मिळणारी मात्रा लगेच आजारी पाडण्याइतकी नसते.

मात्र घाबरवायला हे शस्त्र फार चांगलं आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या इझमायलोवो उद्यानात सिझियम असलेलं एक पुडकं पुरून ठेवलं आणि टीव्हीच्या पत्रकारांना जागा कळवली. स्फोट झाला नाही, कुणी आजारी पडलं नाही, पण बातमी जगभर झाली. त्यांचं काम तेवढ्यानेच झालं होतं.

मग असा पदार्थ खरोखर एखाद्या शहरात पसरला तर काय होईल, हे कसं कळणार? दुर्दैवाने त्याचं उत्तर आपल्याकडे आहे. ते उत्तर कुठल्या अतिरेक्यांनी दिलेलं नाही, ते भंगारातून आलं.

गोयानिया, १९८७

ब्राझीलच्या मध्यभागी गोयानिया नावाचं शहर आहे. तिथलं एक खाजगी रेडिओथेरपी केंद्र १९८५ च्या सुमारास जागा सोडून गेलं. जाताना कॅन्सरच्या उपचारांचं एक मशीन जुन्या इमारतीतच राहिलं. त्यात सिझियम-१३७ होतं. वजन जेमतेम शंभर ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढं मीठच. हे रासायनिकदृष्ट्या मिठासारखंच होतं, पाण्यात विरघळणारं, भुकटी होणारं. पुढचं सगळं रामायण त्यामुळेच झालं.

१३ सप्टेंबर १९८७ रोजी दोन तरुण त्या ओसाड इमारतीत शिरले. जड धातूचा भाग दिसला, भंगारात चांगले पैसे येतील म्हणून हातगाडीवर घालून घरी नेला. त्याच दिवशी दोघांना उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब, एकाच्या हाताला सूज. तो डॉक्टरांकडे गेला. खाण्यातून ॲलर्जी झाली असेल, आठवडाभर आराम करा, असं निदान झालं. त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. ताप, उलट्या, जुलाब घेऊन आलेल्या माणसाला "तुम्ही भंगारात काही उघडलंत का?" असं मीही आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. हा इतिहास वाचल्यावर विचारू लागलो.

पाच दिवसांनी तो भाग एका भंगारवाल्याला विकला गेला. रात्री त्याला त्यातून निळसर प्रकाश येताना दिसला. काहीतरी मौल्यवान, कदाचित दैवी असावं असं वाटून त्याने ते घरात नेलं. पुढचे काही दिवस शेजारीपाजारी, नातेवाईक ते नवल पाहायला येत राहिले. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे वाटले गेले. काहींनी ती चमकणारी पूड अंगाला चोळली. भंगारवाल्याच्या भावाने थोडी घरी नेली. त्याची सहा वर्षांची मुलगी त्या पुडीशी खेळली आणि तशाच हाताने तिने जेवण केलं.

घरातली माणसं एकामागून एक आजारी पडू लागली. यात काहीतरी काळंबेरं आहे हे पहिल्यांदा ओळखलं ते भंगारवाल्याच्या बायकोने. ती डॉक्टर नव्हती की शास्त्रज्ञ नव्हती. पण घरात ती वस्तू आली आणि आजारपण आलं, हा संबंध तिने जोडला. २८ सप्टेंबरला तिने एका कामगाराला बरोबर घेतलं, उरलेला भाग पिशवीत भरला आणि सार्वजनिक बसने आरोग्य खात्याच्या कार्यालयात नेऊन ठेवला. "हे माझ्या माणसांना मारतंय," असा तिचा दावा होता. तिथल्या डॉक्टरांनी सावधगिरी म्हणून ती पिशवी अंगणातल्या खुर्चीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी एक भौतिकशास्त्रज्ञ मापक यंत्र घेऊन निघाला. इमारतीपासून बराच लांब असतानाच काटा टोकाला गेला. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्याने दुसरं आणलं. दुसऱ्याचाही काटा टोकाला. तो पोहोचला तेव्हा अग्निशामक दलाचे लोक ती पिशवी नदीत फेकून द्यायच्या तयारीत होते. त्याने त्यांना थांबवलं. शहर त्या दिवशी थोडक्यात वाचलं.

चौघे गेले, एक वाचला

सरकारने लोकांना तपासणीसाठी ऑलिम्पिक स्टेडियममध्ये बोलावलं. सुमारे १,१२,००० लोक तपासले गेले. त्यांपैकी २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सिझियम सापडलं, म्हणजे साधारण साडेचारशेत एक. २० जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. चौघांचा महिन्याभरात मृत्यू झाला: वस्तू आरोग्य खात्यात नेऊन देणारी ती बाई, ती सहा वर्षांची मुलगी आणि भंगाराच्या दुकानातले दोन तरुण कामगार. त्यांना मिळालेली मात्रा साधारण ४.५ ते ६ ग्रे होती. एका तरुणाचा हात कोपराखालून कापावा लागला.

पण ज्याच्या घरात ही वस्तू होती त्या भंगारवाल्याची मात्रा सुमारे ७ ग्रे होती आणि तो त्यातून वाचला. सर्वांत जास्त मात्रा घेतलेला माणूस कसा वाचला? तो कामासाठी बराच वेळ घराबाहेर असायचा. त्याची मात्रा तुकड्यातुकड्यांनी मिळाली आणि मधल्या वेळात शरीराला डागडुजी करायला सवड मिळाली. त्याची बायको घरातच होती. तिची एकूण मात्रा कमी असूनही ती गेली. म्हणून डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ किरणोत्सर्गाबद्दल बोलताना "किती" एवढंच विचारत नाहीत, "किती वेळात" आणि "बाहेरून की आतून" हेही विचारतात.

ज्यांच्या पोटात सिझियम गेलं होतं अशा ४६ जणांना "प्रशियन ब्ल्यू" देण्यात आलं. चित्रकार वापरतात तोच निळा रंग, औषधाच्या स्वरूपात. सिझियम शरीरात पोटॅशियमसारखं वागतं. ते आतड्यात उतरतं आणि पुन्हा रक्तात शोषलं जातं. हा निळा रंग त्याला आतड्यातच धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर काढतो. मोठ्या माणसाच्या शरीरातलं सिझियम निम्मं व्हायला एरवी सुमारे ११० दिवस लागतात, या औषधाने ते महिन्याभरात होतं. निळ्या पुडीने केलेला घात निळ्याच औषधाने थोडाफार निस्तरला गेला.

दुसरा आजार: भीती

गोयानियात आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या मते तीही तितकीच महत्त्वाची आहे. स्टेडियममध्ये तपासलेल्या पहिल्या ६०,००० लोकांपैकी सुमारे ५,००० जणांना उलट्या, जुलाब, अंगावर पुरळ अशी लक्षणं होती. अगदी किरणोत्सर्गाच्या आजाराची लक्षणं! पण त्यांच्यापैकी कुणाच्याही अंगावर किरणोत्सारी पदार्थ सापडला नाही. ते सोंग करत नव्हते. उलट्या खऱ्या होत्या, पुरळ खरं होतं. कारण मात्र भीती होती.

त्या चिमुरडीच्या दफनाच्या वेळी आपल्या भागात हे "विष" नको म्हणून रहिवाशांनी दगडफेक केली. शिशाचं अस्तर असलेल्या पेटीत, काँक्रीटखाली तिला पुरलं गेलं. गोयानियाच्या माणसांना इतर शहरांत हॉटेलं खोली देईनात. तिथला शेतमाल कुणी घेईना. प्रवास करण्यासाठी लोकांना "मी दूषित नाही" असं प्रमाणपत्र घ्यावं लागलं, अशी हजारो प्रमाणपत्रं दिली गेली. सुमारे ३,५०० घनमीटर दूषित माती, भिंती, सामान उचलून बंदिस्त करावं लागलं. सात घरं पाडावी लागली. शंभर ग्रॅमच्या आतल्या मिठाने हे केलं.

डर्टी बॉम्बचा धोका किती, असं मला कुणी विचारलं की मी गोयानियाकडे बोट दाखवतो. मृत्यू मोजके, आजारी काही डझन, पण घाबरलेले, बहिष्कृत झालेले आणि बेघर झालेले कितीतरी जास्त.

आणि हे फक्त ब्राझीलमध्येच होतं असं समजू नका. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असंच घडलं. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं अनेक वर्षं बंद पडलेलं यंत्र लिलावात विकलं गेलं. त्यात कोबाल्ट-६० होतं. भंगारवाल्यांनी ते तोडलं. एकाने त्याचा तुकडा चक्क पाकिटात ठेवला. त्वचा काळी पडणं, केस गळणं अशा तक्रारी घेऊन माणसं दवाखान्यात आली, तेव्हा कुठे उलगडा झाला. एकाचा मृत्यू झाला.

थोड्या मात्रेचं काय?

इथवर सगळं मोठ्या मात्रेचं झालं. पण तुमचा-माझा प्रश्न वेगळा आहे. एक सीटी स्कॅन, दोन एक्स-रे, यांनी कॅन्सर होतो का?

या प्रश्नाचं सर्वांत मोठं उत्तर हिरोशिमा आणि नागासाकीतून आलं. तिथे वाचलेल्या सुमारे ९४,००० लोकांचा १९५० पासून अभ्यास चालू आहे. मिळालेली मात्रा जितकी जास्त, तितकी कॅन्सरची शक्यता जास्त, हे त्यातून स्पष्ट दिसलं. ज्यांना मोजण्याजोगी मात्रा मिळाली होती, त्यांच्यात १९५८ ते १९९८ या काळात झालेल्या घट्ट गाठींच्या कॅन्सरपैकी सुमारे ११ टक्के, म्हणजे साधारण ८५० कॅन्सर बॉम्बच्या किरणांमुळे होते. याचाच दुसरा अर्थ असा की उरलेले ८९ टक्के एरवीही झाले असते. आणखी एक गोष्ट, जी खूप कमी लोकांना माहीत असते: वाचलेल्यांना नंतर झालेल्या मुलांमध्ये आनुवंशिक दोष वाढल्याचं आजवर आढळलेलं नाही. तरीही या लोकांना लग्नासाठी स्थळं मिळणं कठीण जायचं. भीती पिढ्यान्‌पिढ्या उतरली, दोष मात्र उतरला नाही.

पण बॉम्बच्या मात्रेवरून एक्स-रेच्या मात्रेचा अंदाज कसा बांधायचा? शास्त्रज्ञांनी एक सरळ रेषा मानली: मात्रा निम्मी तर धोका निम्मा, मात्रा शंभरावा भाग तर धोका शंभरावा भाग, आणि "याच्या खाली धोका शून्य" अशी पायरी नाही. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या २००६ च्या अहवालातला अंदाज समजायला सोपा आहे. १०० माणसांना प्रत्येकी १०० मिलिसीव्हर्ट मिळाले, तर आयुष्यभरात त्यांच्यापैकी साधारण एकाला त्यामुळे कॅन्सर होईल. त्याच अमेरिकन १०० जणांपैकी ४२ जणांना इतर कारणांनी कॅन्सर होणारच आहे. मग १० मिलिसीव्हर्टच्या एका सीटी स्कॅनचा धोका झाला हजारात एक. छातीच्या एक्स-रेचा लाखात एक किंवा त्याहूनही कमी.

ही रेषा खरी आहे का, यावर अजूनही वाद चालू आहेत. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे सांगतो. केरळात करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर वाळूत थोरियम आहे. काही घरांत नैसर्गिक किरणोत्सर्ग नेहमीच्या कित्येक पट जास्त आहे. तिथल्या सुमारे ७०,००० लोकांचा सरासरी दहा वर्षं पाठपुरावा केला, त्यात कॅन्सर वाढलेला आढळला नाही. दुसरीकडे फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांच्या २०२३ च्या अभ्यासात, वर्षानुवर्षं थोडी थोडी मात्रा मिळाल्यानेही कॅन्सरचा धोका वाढतो असं दिसलं. म्हणून मी रुग्णांना सांगतो: थोड्या मात्रेचा धोका शून्य आहे असं मानू नका, पण तो फार लहान आहे हेही विसरू नका. गरजेच्या तपासणीला नाही म्हणण्याचा धोका त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. डोक्याला मार लागलेल्या, उलट्या होणाऱ्या माणसाचा सीटी स्कॅन "किरणं नकोत" म्हणून टाळणं म्हणजे पाय भिजतील म्हणून जळत्या घरातून बाहेर न पडणं.

या रेषेचा गैरवापरही होतो. एक लाखांश धोक्याला दहा कोटी लोकसंख्येने गुणून "हजार माणसं मरणार" असा मथळा करता येतो. किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००७ च्या शिफारशींत, अगदी लहान मात्रांना मोठ्या लोकसंख्येने गुणून मृत्यूंचे आकडे काढू नका, असं स्पष्ट सांगितलं आहे.

ग्रीसमधली न जन्मलेली मुलं

आता सुरुवातीच्या त्या जोडप्याकडे परत येतो.

एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची दुर्घटना झाली. जवळच्या भागातलं नुकसान अगदी खरं होतं. दूषित दूध प्यायलेल्या मुलांमध्ये थायरॉइडचा कॅन्सर वाढला. तिथून दूर ग्रीसमध्ये मात्र लोकांना मिळालेली मात्रा वर्षभराच्या नैसर्गिक किरणोत्सर्गापेक्षाही कमी होती. पण बातम्या उलटसुलट होत्या, आणि कित्येक डॉक्टरांनाही नीट माहिती नव्हती. त्यांनी गर्भवतींना "धोका नको" असा सल्ला दिला. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा: त्या काळात ग्रीसमध्ये हव्याहव्याशा असलेल्या सुमारे २,५०० गर्भांचा गर्भपात केला गेला. किरणांनी एकाही बाळाला अपाय झाल्याचा पुरावा नाही. भीतीने आणि चुकीच्या सल्ल्याने ही मुलं जन्मलीच नाहीत.

गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाली असेल तर केवळ त्यासाठी गर्भपात करू नये, ही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. आईच्या छातीच्या एक्स-रेमध्ये गर्भाला मिळते ०.०१ मिलिग्रेपेक्षा कमी. म्हणजे त्या मर्यादेच्या दहा हजारांश. त्या संध्याकाळी मी सासूबाईंना कागदावर हेच लिहून दाखवलं होतं.

२०११ मध्ये फुकुशिमात तेच वेगळ्या रूपात घडलं. स्थलांतर, मोडलेले उपचार, ताण यांमुळे त्या प्रांतात २,००० हून अधिक लोक दगावले, त्यांत वृद्ध आणि रुग्ण जास्त होते. आणि तिकडे फिलिपिन्समध्ये "पाऊस आला तर गळ्याला बेटाडीन लावा" असा मेसेज फिरत होता.

मग आपण काय करायचं?

- भंगार किंवा बेवारस वस्तू: तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखं चिन्ह, विलक्षण जड डबा, अंधारात चमकणारा पदार्थ दिसला तर हात लावू नका, फोडू नका, घरी नेऊ नका. लांब व्हा, इतरांना लांब ठेवा आणि ११२ वर पोलिसांना कळवा. तुमच्या ओळखीच्या भंगारवाल्यालाही हे सांगा.

- कधी असा स्फोट किंवा गळती झालीच तर: जवळच्या पक्क्या इमारतीत जा, दारं-खिडक्या बंद करा. बाहेरचे कपडे काढून पिशवीत बांधून ठेवा. एवढ्यानेच अंगावरचा बहुतेक पदार्थ निघून जातो. साबण-पाण्याने आंघोळ करा, त्वचा खरडू नका. हात धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नका. अधिकृत सूचना ऐका, फॉरवर्ड नको.

- आयोडीनच्या गोळ्या: या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइडचं रक्षण करतात. चेर्नोबिलनंतर पोलंडमध्ये सुमारे एक कोटी मुलांना आयोडीन दिलं होतं, ते योग्य होतं. सिझियम किंवा कोबाल्टवर त्याचा उपयोग शून्य. बेटाडीन गळ्याला लावून काही होत नाही आणि पिणं तर धोक्याचंच.

- एक्स-रे आणि सीटी स्कॅन: "याने उपचारात काही बदल होणार आहे का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे. उत्तर "हो" असेल तर बिनधास्त करा. जुने रिपोर्ट जपून ठेवा म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. मुलांच्या बाबतीत जास्त काटेकोर राहा. स्वतःहून "पूर्ण शरीराचा सीटी" करून घेऊ नका.

- गरोदर असाल किंवा शक्यता असेल: एक्स-रेआधी सांगा. नकळत काढला गेला असेल तर घाबरून निर्णय घेऊ नका. कोणत्या भागाचा, किती वेळा काढला, ते कागद घेऊन डॉक्टरांकडे या. बहुतेक वेळा उत्तर दिलासा देणारंच असतं.

- उलट्या-जुलाब, हातावर न भरणारी भाजल्यासारखी जखम: असं काही असेल आणि घरातलं कुणी भंगाराचं किंवा औद्योगिक रेडिओग्राफीचं काम करत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आम्ही विचारायला विसरू शकतो.

गोयानियातल्या त्या बाईला ग्रे आणि सीव्हर्ट माहीत नव्हते. पण घाबरून ती पळाली नाही आणि दुर्लक्षही केलं नाही. तिने विचार केला, वस्तू उचलली आणि योग्य ठिकाणी नेऊन दिली. स्वतः वाचली नाही, पण तिच्यामुळे कितीजण वाचले याचा हिशेब नाही. किरणोत्सर्गाची बातमी पुढच्या वेळी कानावर आली की तिला आठवा आणि तीन प्रश्न विचारा: किती? किती वेळात? बाहेरून की आतून? उत्तरं मिळेपर्यंत कुठलाही निर्णय घेऊ नका, आणि गर्भाबद्दलचा तर नाहीच नाही.

काळजी घ्या, काळजी करू नका.